बारामती-इंदापूर : प्राचीन अवशेषांची एक दिवसाची सहल

बारामती म्हटले की ऊस, साखर कारखाने आणि राजकारण आठवते. इंदापूर म्हटले की उजनीचे पाणी आणि भिगवणचे रोहित पक्षी डोळ्यांसमोर येतात. मात्र कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांच्या कुशीतील या दोन तालुक्यांत आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची मंदिरे, पुष्करणी, वीरगळ आणि सतीशिळा आजही उभ्या आहेत, याची कल्पना पुण्या-मुंबईच्या फार थोड्या पर्यटकांना असते. सकाळी लवकर पुणे सोडल्यास लोणी भापकर आणि पळसदेव ही दोन महत्त्वाची स्थळे एका दिवसात पाहून रात्री परतता येते. मात्र सोबत जाणकार मार्गदर्शक हवा. तो नसेल, तर यज्ञवराह हा 'दगडी डुक्कर' वाटतो आणि वीरगळ हा शेंदूर फासलेला एक दगड उरतो.

या सहलीला एक वेगळी बाजूही आहे. पळसदेवचे प्राचीन मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात आहे. धरण तळाला जाते, तेव्हाच ते पूर्णपणे उघडे पडते. म्हणजे पर्यटकाला जो हंगाम पर्वणीचा वाटतो, तोच परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण काळ असतो. ही जाण ठेवूनच या वाटेला जावे.

सहलीचा मार्ग

पुण्याहून सासवड, जेजुरीमार्गे मोरगाव, तेथून लोणी भापकर, पुढे बारामती, भिगवण आणि पळसदेव असा मार्ग सोयीचा ठरतो. परतताना पुणे-सोलापूर महामार्गाने थेट पुणे गाठता येते. हा सारा फेरा साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरचा होतो. उलट दिशेनेही जाता येते. पण लोणी भापकरची शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात अधिक उठून दिसतात आणि पळसदेवच्या उघड्या पात्रात दुपार टळल्यावर जाणे सुसह्य होते. म्हणून पहिला क्रम बरा.

मोरगाव हे बारामती तालुक्यातच आहे. अष्टविनायकांच्या यात्रेचा प्रारंभ येथील मयूरेश्वराच्या दर्शनाने करण्याची प्रथा आहे. कऱ्हेच्या काठावरील हे देऊळ नांदते असल्याने त्याला अवशेष म्हणता येणार नाही. तरीही तटबंदी, चार कोपऱ्यांवरील मिनारांसारखे मनोरे आणि गणपतीपुढे बसलेला भव्य नंदी या गोष्टी थांबून पाहण्याजोग्या आहेत. एकाच वास्तूत अनेक काळांच्या आणि पद्धतींच्या खुणा कशा मिसळतात, याचा पहिला धडा येथेच मिळतो.

लोणी भापकर : पुष्करणी आणि यज्ञवराह

मोरगावहून बारामतीच्या दिशेने जाताना लोणी भापकर हे गाव लागते. गावातील मल्लिकार्जुन मंदिर यादवकालीन स्थापत्याचा सुरेख नमुना आहे. कोरीव खांब, त्यांवरील नक्षी आणि देवादिकांच्या कथा सांगणारी शिल्पे पाहण्यास किमान तासभर हवा. आज येथे शिवाची पूजा होते. परंतु परिसरातील वैष्णव शिल्पांचे प्रमाण पाहता हे मंदिर मुळात विष्णूचे असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

मंदिरालगत चौकोनी, पायऱ्यांची पुष्करणी आहे. पुष्करणी म्हणजे निव्वळ पाण्याची टाकी नव्हे. देवाच्या स्नानासाठी आणि भाविकांच्या शुद्धीसाठी बांधलेला तो मंदिराचाच एक भाग असतो. येथील पुष्करणीच्या भिंतींत ओळीने देवकोष्ठे आहेत. देवकोष्ठ म्हणजे मूर्ती बसविण्यासाठी केलेला कोनाडा. यांतील मूर्ती आता जागेवर नाहीत. तरीही कोनाड्यांची ती रांग पाहिली, की मूर्ती जागेवर असताना हे दृश्य कसे असेल याचा अंदाज बांधता येतो. पुष्करणीच्या काठी एक देखणा मंडप आहे.

लोणी भापकरची खरी ओळख मात्र यज्ञवराहाची मूर्ती ही आहे. विष्णूच्या दशावतारांतील तिसरा अवतार वराहाचा. पाताळात गेलेली पृथ्वी त्याने दाताच्या सुळ्यावर उचलून वर आणली, अशी कथा आहे. शिल्पांत हा अवतार दोन प्रकारे दाखवितात. मनुष्याचे शरीर आणि वराहाचे मुख असलेला तो नृवराह. संपूर्ण पशुरूपातील तो यज्ञवराह. यज्ञाची सारी अंगे वराहाच्या देहात सामावली आहेत, अशी यामागील कल्पना आहे. म्हणूनच अशा मूर्तीच्या अंगावर देवदेवतांच्या लहान लहान प्रतिमा कोरलेल्या असतात. मध्य प्रदेशातील खजुराहो आणि एरण येथील वराह याच प्रकारचे असून देशभर प्रसिद्ध आहेत. लोणी भापकरचा वराह त्यांच्या मानाने आकाराने लहान आहे. पण त्याच्या पाठीवरील, विष्णुप्रतिमांनी भरलेली झूल अत्यंत नाजूकपणे घडविलेली आहे. महाराष्ट्रात पशुरूपातील वराह फारसे आढळत नाहीत, म्हणून या मूर्तीचे मोल मोठे. पुष्करणीकाठच्या मंडपातच ती मुळात विराजमान असावी, असा तर्क केला जातो.

मार्गदर्शकाचे महत्त्व येथे पटते. मूर्ती एका जागी, मंडप दुसऱ्या जागी, कोनाडे रिकामे आणि गाभाऱ्यात वेगळी देवता, असे हे सुटे धागे आहेत. ते एकत्र गुंफले, की देवता बदलल्याची, मूर्ती हलविल्या गेल्याची आणि तरीही पूजा अखंड राहिल्याची कथा उलगडत जाते.

वीरगळ कसा वाचावा?

लोणी भापकरच्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात आणि या दोन्ही तालुक्यांतील अनेक जुन्या देवळांजवळ वीरगळ दिसतात. लढाईत किंवा गावाचे, गोधनाचे रक्षण करताना मरण आलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाईचा प्रसंग किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो. काही ठिकाणी शेजारी गाई दिसतात. त्यावरून गोधन पळविणाऱ्यांशी झालेल्या झुंजीचा बोध होतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला स्वर्गात नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दाखविलेला असतो. शिरोभागी बहुधा कलश असतो आणि बाजूला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत या वीराची कीर्ती टिकेल, हा त्याचा अर्थ.

सतीशिळेची खूण म्हणजे कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला उभा हात. सती गेलेल्या स्त्रीचे ते स्मारक असते. वीरगळ आणि सतीशिळा शेजारी शेजारी आढळल्या, की एका घराची कथा समोर येते. या दगडांवर बहुधा नाव किंवा तिथी नसते. राजांच्या ताम्रपटांत ज्यांचा उल्लेख येत नाही, अशा सामान्य गावकऱ्यांचा इतिहास मात्र यांवरच कोरलेला असतो. पायरीला, कट्ट्याला किंवा कपडे धुण्यासाठी असे दगड वापरले गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रभर दिसतात. ते ओळखता येणे, हे त्यांच्या जतनाचे पहिले पाऊल होय.

'हेमाडपंती' या शब्दाचा गोंधळ

जुने दगडी देऊळ दिसले, की त्याला 'हेमाडपंती' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. चुन्याचा वापर न करता, दगडांना खाचा आणि कुसवे करून ते एकमेकांत बसविण्याची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून प्रचलित होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीचा उदय त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला.

पळसदेवचे उदाहरण याहून जवळचे. येथील शके १०७९, म्हणजे इ. स. ११५७ च्या शिलालेखाची गणना जुन्या मराठी कोरीव लेखांत होते. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी या भीमाकाठी मराठीत लेख कोरला गेला होता. त्या वेळी हेमाद्रीचा जन्मही झालेला नव्हता. मंदिराला काळाच्या दृष्टीने 'चालुक्य-यादवकालीन' म्हणणे आणि शैलीच्या दृष्टीने त्याच्या शिखराचा प्रकार सांगणे, हे अधिक अचूक ठरते.

पळसदेव : पाण्याखालचे देऊळ

बारामतीहून भिगवणला आल्यावर सोलापूरच्या दिशेने काही अंतरावर पळसदेव लागते. आज महामार्गालगत दिसते ते पुनर्वसित गाव. जुने पळसदेव भीमेच्या काठी वसले होते. उजनी धरणात ते बुडाले.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर बांधलेल्या या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांत दूरवर पसरला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणी चढू लागले, तशी काठावरची गावे उठली. घरे, शेते, पार, घाट आणि देवळे सोडून माणसे वर आली. पळसदेवच्या ग्रामस्थांनी नव्या गावठाणात पळसनाथाचे मंदिर उभारले. जुने मंदिर तेथेच राहिले.

या मंदिराचे शिखर हे त्याचे वैशिष्ट्य. मंदिराचा खालचा भाग दगडी आहे आणि शिखर विटांचे. शिखर भूमिज पद्धतीचे आहे. भूमिज शिखरात चारही बाजूंनी मध्यभागी एकेक उभा पट्टा वर जातो आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृतींच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक 'भूमी', अर्थात मजला. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे या पद्धतीचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण. परंतु त्याचे शिखर दगडी आहे. विटांचे शिखर दशकानुदशके पाण्यात राहूनही तग धरून आहे, ही पळसदेवच्या कारागिरांच्या कौशल्याची साक्ष होय.

मंदिराभोवती वीरगळ, सतीशिळा, भग्न मूर्ती आणि कोरीव दगड विखुरलेले आहेत. पाणी ओसरल्यावर जुन्या घरांची जोती आणि भिंतींचे अवशेषही दिसू लागतात. पर्यटकाच्या लेखी ते सारे 'अवशेष' असतात. नव्या पळसदेवमधील वयोवृद्धांच्या लेखी मात्र ते अंगण, ओटा आणि शाळेची वाट असते. बाराव्या शतकातील देऊळ आणि विसाव्या शतकातील घर एकाच पाण्याने अवशेष बनावे, असे दृश्य अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते.

मंदिर दिसते कधी?

उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. त्यापैकी सुमारे ५३.५ टीएमसी हा उपयुक्त साठा आणि उरलेला सुमारे ६३.६ टीएमसी हा मृत साठा. निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात असणे, हे या धरणाचे वेगळेपण. उपयुक्त साठा संपला, की पाणीपातळी 'उणे' टक्क्यांत सांगितली जाते. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात काढतात. उणे ६० टक्के याचा अर्थ मृत साठ्यातीलही सुमारे ३२ टीएमसी पाणी कमी झाले, असा होतो.

पातळी उतरू लागली, की आधी शिखराचे टोक दिसते. संपूर्ण मंदिर उघडे पडण्यासाठी धरण मृत साठ्यात बरेच खोल जावे लागते. २०१३ च्या दुष्काळात तसे घडले. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली आणि मंदिर पुन्हा पायथ्यापासून दिसू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले आणि देऊळ पुन्हा पाण्यात गेले. म्हणून एप्रिल ते जून या काळात, तेही पाऊस कमी झालेल्या वर्षानंतरच, मंदिर पूर्ण पाहण्याची संधी मिळते. धरणाची पातळी वृत्तपत्रांत रोज प्रसिद्ध होते. ती पाहून बेत आखावा.

हाच काळ सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या चिंतेचा, नदीकाठच्या कृषिपंपांच्या वीजकपातीचा आणि उसाची लागण जगविण्याच्या धडपडीचा असतो. पाणी मागे हटेल तसतसे शेतकऱ्यांना पाइप आणि मोटारी पात्रात पुढे पुढे न्याव्या लागतात. मंदिराकडे जाताना हे पाइप, केबल आणि त्यांवर राबणारी माणसे वाटेत भेटतात. त्यांना ओलांडून केवळ छायाचित्रे काढून परतणे, हे पाहणे अपुरे होय. ज्या पाण्याने पळसदेव बुडाले, त्याच पाण्यावर दोन जिल्ह्यांतील ऊस, केळी, द्राक्षे आणि डाळिंब पिकते. धरणाचा लाभ आणि धरणाची किंमत येथे एकाच नजरेत येतात.

जगात काय झाले?

अवशेष आणि वस्ती यांपैकी कोणी हटावे, हा प्रश्न जगभर निरनिराळ्या प्रकारे सोडविला गेला. ग्रीसमधील डेल्फीचे अपोलो मंदिर आज अथेन्सहून एका दिवसाच्या मार्गदर्शित सहलीत पाहता येते. एकोणिसाव्या शतकात त्या अवशेषांवर कास्त्री नावाचे गाव नांदत होते. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १८९२ मध्ये मोठे उत्खनन हाती घेतले, त्यासाठी ते गावच जवळच्या जागी हलविण्यात आले. इजिप्तमध्ये आस्वान धरणामुळे अबू सिंबलची मंदिरे बुडणार होती. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ती कापून उंचावर पुन्हा उभारली गेली.

आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. नागार्जुनसागर धरणाच्या वेळी नागार्जुनकोंड्याचे निवडक बौद्ध अवशेष जलाशयातील टेकडीवर हलविले गेले. श्रीशैलम धरणाच्या वेळी कूडली येथील संगमेश्वर मंदिर उचलून आलमपूरला नेण्यात आले. पळसदेवला गाव हलले आणि देऊळ राहिले. दर वर्षी पाण्याचे चढणे-उतरणे, गाळाचा थर आणि उन्हाचा मारा यांचा परिणाम दगडांवर आणि विटांवर होत असतो. म्हणूनच मंदिर उघडे पडते तो थोडका काळ छायाचित्रे, मोजमापे आणि रेखाटने करून नोंदी ठेवण्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. अभ्यासकांप्रमाणेच सामान्य पर्यटकही तारीखवार छायाचित्रे जपून यात भर घालू शकतात. दहा वर्षांपूर्वीचे आणि आजचे छायाचित्र शेजारी ठेवले, की कोणता दगड निखळला आणि कोणती मूर्ती दिसेनाशी झाली हे कळते.

मार्गदर्शक कसा निवडावा?

अवशेष दाखविणारा माणूस ही काही आधुनिक सोय नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाउसानियस या ग्रीक प्रवाशाने ग्रीसचे वर्णन लिहिले, त्यातही गावोगावच्या माहितगारांचे उल्लेख येतात. ते काय सांगतात हे तो नोंदवितो आणि पटले नाही तर तसेही लिहितो. पर्यटकाने मार्गदर्शकाचे कसे ऐकावे, याचा हा उत्तम धडा आहे.

बारामती-इंदापूरच्या सहलीत दोन प्रकारचे जाणकार हवेत. एक मूर्तिशास्त्र आणि मंदिरस्थापत्य जाणणारा. भारतीय विद्या किंवा पुरातत्त्वाचे अभ्यासक पुण्यात पुष्कळ आहेत, आणि अशा वारसा सहलीही तेथून निघतात. सहलीला नाव नोंदविण्यापूर्वी मार्गदर्शकाचा अभ्यास काय, गटात किती माणसे असतील आणि प्रत्येक स्थळी किती वेळ दिला जाईल, हे विचारून घ्यावे. वीस-पंचवीस जणांपेक्षा मोठ्या गटात शिल्पातील बारकावे दिसत नाहीत.

दुसरा जाणकार गावातला. देवाची यात्रा कधी, कोणता दगड पूर्वी कोठे होता, पाणी कोणत्या वर्षी कोठवर उतरले, हे गावकरीच सांगू शकतात. जलाशयातील मासेमारांना पाण्याची आणि गाळाची खडान्‌खडा माहिती असते. भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ परिसरात मच्छीमार कुटुंबांतील तरुण हिवाळ्यात पक्षी दाखविण्याचे काम करतात. त्यांची नजर आणि अनुभव अवशेषांच्या वाटेवरही उपयोगी पडतो. जे मानधन ठरेल ते आधी ठरवावे आणि पूर्ण द्यावे.

दंतकथा सांगितली गेली, तर ती दंतकथा म्हणून ऐकावी. 'पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले' हे वाक्य अनेक गावांत ऐकू येते. ते इतिहास नव्हे; पण गावाने देवळाशी जोडलेल्या नात्याची ती खूण असते.

वेळ उरल्यास

मुक्काम करण्याची तयारी असेल, तर आणखी काही स्थळे जोडता येतील. इंदापूर शहरात मालोजीराजे भोसले यांच्या गढीचे स्थान आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांना इंदापूरच्या लढाईत वीरमरण आले, असे मानले जाते. तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे नीरा आणि भीमा यांचा संगम आहे. येथील लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर आणि दगडी घाट पेशवेकाळातील वैभवाची साक्ष देतात.

बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरा संगमावरील सोनगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६० च्या दशकात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. जोर्वे संस्कृतीची ही वसाहत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तेथे पाहण्यासारखी इमारत नाही. पण या खोऱ्यातील शेतीचा इतिहास ऊस आणि कालव्यांच्या कितीतरी मागे जातो, हे त्या मातीने सिद्ध केले आहे. परतीच्या वाटेवर यवतजवळून भुलेश्वरच्या डोंगराकडे फाटा जातो. तेथील शिल्पवैभव पाहण्यासाठी मात्र स्वतंत्र अर्धा दिवस राखून ठेवणे योग्य.

सुरक्षितता आणि शिस्त

पळसदेवला जाताना सर्वांत मोठा धोका गाळाचा आहे. वरून वाळलेला दिसणारा थर आत ओला असतो आणि पाय रुततो. गावकऱ्यांनी दाखविलेल्या वाटेवरूनच जावे. वाहन पात्रात उतरवू नये. पाणी असताना होडीने जावयाचे असल्यास प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नये. २१ मे २०२४ रोजी इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचे वारे अचानक सुटतात. आभाळ भरून आले, तर सहल तेथेच थांबवावी.

मंदिराच्या शिखरावर किंवा सुट्या दगडांच्या राशीवर चढू नये. पाण्यात भिजून सुकलेले बांधकाम कधी ढासळेल, हे सांगता येत नाही. कोरीव दगड, विटा किंवा खापरे आठवण म्हणून उचलून आणू नयेत. मूर्तीचा तुकडासुद्धा जागेवरून हलला, की त्याचा संदर्भ नाहीसा होतो. गाळात एखादी मूर्ती किंवा लेख नव्याने उघडा पडलेला दिसल्यास छायाचित्र घेऊन ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. लेखावर खडू, पीठ किंवा रंग फासून अक्षरे उठविण्याचा प्रयत्न करू नये. विजेरीचा प्रकाश बाजूने टाकला तरी अक्षरे दिसतात. लोणी भापकरचे देऊळ नांदते आहे. गाभाऱ्यात छायाचित्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

कसे जाल?

पुणे ते मोरगाव हे अंतर सासवड-जेजुरीमार्गे सुमारे ६५ किलोमीटर आहे. बारामतीहून भिगवण सुमारे ३० किलोमीटर असून पळसदेव ते पुणे हा परतीचा प्रवास महामार्गाने सुमारे १२० किलोमीटरचा होतो. बारामती, भिगवण आणि इंदापूर येथे एसटीची चांगली सोय आहे. बारामती दौंडमार्गे रेल्वेने जोडलेले आहे, तर भिगवण हे दौंड-सोलापूर मार्गावरील स्थानक आहे. मात्र लोणी भापकर आणि पळसदेव एकाच दिवसात पाहावयाचे असल्यास स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन घेणे श्रेयस्कर.

सकाळी सहाला निघाल्यास आठच्या सुमारास मोरगाव, साडेनऊ ते साडेअकरा लोणी भापकर, दुपारचे जेवण बारामती किंवा भिगवण येथे आणि चारच्या सुमारास पळसदेव असे वेळापत्रक जमते. भिगवणच्या खानावळींत उजनीच्या ताज्या माशांचे जेवण मिळते. सोबत पुरेसे पाणी, टोपी, बूट, विजेरी आणि दुर्बीण असावी. धरण भरलेले असेल त्या वर्षी पळसदेवला मंदिर दिसणार नाही. त्या वेळी लोणी भापकर, मोरगाव आणि नीरा नरसिंहपूर अशी सहल आखावी. पळसदेवच्या काठावर मात्र थोडा वेळ थांबावे. समोर केवळ पाणी दिसेल. पण त्याखाली काय आहे आणि ते दिसत नाही हे परिसरासाठी किती चांगले चिन्ह आहे, हे तोवर ठाऊक झालेले असेल.